ड्रेडलची गोष्ट खरी आहे का?

हनुका या ज्यू सणाच्या चित्रपुस्तकांत एक गोष्ट हमखास असते: राजा अँटिओकसने तोराह, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, शिकायला बंदी घातली, मग मुलं लपून शिकायची आणि सैनिक आले की पटकन ड्रेडल, म्हणजे चार बाजूंचा भोवरा, फिरवायला लागायची. गोड आहे, पण तसा पुरावा नाही हो! तो राजा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला आणि ड्रेडल आला युरोपातल्या जुगाराच्या भोवऱ्यावरून, खूप नंतर. त्यावरची हिब्रू अक्षरं मुळात खेळाचे नियम, नून म्हणजे काही नाही, गिमेल म्हणजे सगळं, 'हे' म्हणजे अर्धं, शिन म्हणजे टाक पैसे 😄 ही 'तिथे मोठा चमत्कार झाला' या हिब्रू वाक्याची आद्याक्षरं, हा अर्थ मागाहून जोडलाय. इस्रायलमध्ये तर 'तिथे'चं 'इथे' होतं, म्हणून शिनच्या जागी 'पे' हे अक्षर.