‘तीन दिवस शाळेत येऊ नकोस’: किरकोळ चुकांसाठीच्या निलंबनाची पार्श्वभूमी

निलंबन म्हटले की मराठी माणसाला आधी कचेरी आठवते. तिथे निलंबन ही शिक्षा नव्हे, असे सेवानियमच सांगतात. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाला बाजूला बसवायचे, तोवर निर्वाह भत्ता द्यायचा, आणि दोष सिद्ध झाला तर शिक्षेचे नंतर बघायचे. शाळेच्या बाबतीत याच शब्दाचा अर्थ उलटा होतो. चौकशी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर पाच-दहा मिनिटांत आटोपते, आणि घरी बसवणे हीच शिक्षा असते. त्या दिवसांत वर्गात जे शिकवून होते ते मुलाने स्वतःच भरून काढायचे. ‘चार दिवस घरी राहू दे, डोके शांत होईल’ असे जे म्हणतात, त्यांच्या तोंडी भाषा तात्पुरत्या सोयीची असते. हजेरीपटावर मात्र शिक्षाच उमटते.

किरकोळ चुकांसाठी हे करावे का, या वादात हा शब्दांचा गोंधळ शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. कॉलेजातल्या ‘रस्टिकेट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला गाव, शेतशिवार या अर्थाचा शब्द आहे. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत दंगेखोर विद्यार्थ्याला काही काळासाठी शहराबाहेर धाडत, तेच हे. शाळांना याची फारशी गरज भासत नसे, कारण हाताशी छडी होती. मधली दोनेकशे वर्षे ओलांडून सरळ छडी जाऊ लागली त्या काळाकडे यायला हरकत नाही.

छडी आणि निलंबन यांचे नाते किती जवळचे, हे स्कॉटलंडमधल्या एका प्रकरणात स्वच्छ दिसते. सप्टेंबर १९७६. पंधरा वर्षांचा एक मुलगा शाळेतून घरी जाताना दफनभूमीतून जवळची वाट धरू पाहतो. त्या वाटेने जायला मनाई असते. मुख्याध्यापक सांगतात, उद्या उपमुख्याध्यापकांकडे जाऊन हातावर चामड्याचा पट्टा खायचा. मुलगा जातो, पण हात पुढे करत नाही. वडिलांनीच तसे सांगितलेले असते. तिथल्या तिथे तो निलंबित होतो. मुदत किती? शिक्षा घ्यायला तयार होईपर्यंत. पुढे जानेवारीत शाळेने थोडे नमते घेतले, पण यापुढे मुलाला मारणार नाही अशी हमी आईवडिलांना हवी होती आणि ती मिळाली नाही. मुलगा शाळेत परतलाच नाही. मेमध्ये सोळा वर्षांचा झाला आणि सक्तीच्या शिक्षणाचे वय संपले. मूळ अपराध काय, तर आडवाटेने घरी जाणे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८२ मध्ये या निलंबनाने मुलाचा शिक्षणाचा हक्क डावलला गेला, असा निर्णय दिला. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून मारझोड कायद्याने बंद झाली ती १९८७ मध्ये. शाळेच्या हातात उरली ती घरी पाठवण्याची चिठ्ठी.

अमेरिकेतली वाट वेगळी. तिथे काही राज्यांत छडी अजून कायदेशीर आहे आणि निलंबनही भरपूर आहे. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९७१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांमध्ये अशांतता होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे मुख्याध्यापक मुलाचे काहीही ऐकून न घेता त्याला दहा दिवस घरी बसवू शकत, फक्त पालकांना चोवीस तासांत कळवायचे. एका शाळेत जेवणाच्या खोलीत गोंधळ झाला आणि एका दिवसात पंचाहत्तरच्या वर मुले निलंबित झाली. त्यांतल्या एकाचे म्हणणे, मी नुसता उभा होतो. तो खरे बोलत होता की नाही हे आजही सांगता येणार नाही, कारण त्याला तेव्हा कुणी विचारलेच नव्हते.

ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी १९७५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधीसुद्धा मुलाला आरोप सांगायचा, त्याने नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगायचे, आणि त्याची बाजू ऐकायची. वकील नको, साक्षीदार नकोत. घटनेनंतर काही मिनिटांत हे उभ्या उभ्या उरकले तरी चालेल. अल्पमतातल्या न्यायाधीशांना भीती अशी, की आता रोजच्या शिस्तीच्या बारीकसारीक गोष्टींतही न्यायालयांचे पाऊल पडणार. प्रत्यक्षात झाले ते वेगळेच. ‘का?’ हा प्रश्न निकालाने खुलाच ठेवला, ‘कसे?’ याचे उत्तर तेवढे दिले. दोन मिनिटांचे ऐकून घेणे उरकले की दहा दिवसांपर्यंतचे निलंबन कायद्याच्या चौकटीत बसू लागले.

त्याच वर्षी एका बालहक्क संस्थेने १९७२-७३ च्या शालेय वर्षाची आकडेवारी छापली. दहा लाखांहून जास्त मुले किमान एकदा निलंबित झालेली, आणि सुमारे ६३ टक्के निलंबने अशा कारणांसाठी, ज्यांत कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका नव्हता. दांडी मारणे आणि उशिरा येणे ही कारणेही त्यात होती. दांडी मारणाऱ्याला शिक्षा म्हणून शाळेत येऊ न देणे, यावर वेगळे भाष्य कशाला? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तरी ही कारणे नियमांच्या पुस्तकांत पुढची कित्येक दशके टिकली.

नव्वदच्या दशकाने गाडीला आणखी वेग दिला. ‘झीरो टॉलरन्स’, म्हणजे लहानमोठी कुठलीच चूक खपवून न घेणे, हा शब्द मुळात शाळेतला नाहीच. १९८० च्या दशकात अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्ध बोटी जप्त करताना तो वापरात आला आणि दहा वर्षांच्या आत शाळेच्या फाटकातून आत शिरला. १९९४ चा केंद्रीय कायदा तसा मोजका होता. शाळेत बंदूक आणली तर वर्षभर हकालपट्टी, आणि प्रकरण पाहून सवलत देण्याची मुभाही त्यातच लिहिलेली. राज्यांनी आणि स्थानिक मंडळांनी मुभेचा भाग मागे ठेवला आणि यादी वाढवत नेली. बंदुकीनंतर चाकू, मग गोळ्या-औषधे, धक्काबुक्की, आणि होता होता उद्धट बोलणे. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या एका शाळेत झालेल्या गोळीबारानंतर याला विरोध करणे म्हणजे मुलांच्या सुरक्षेला विरोध करणे, असे वातावरण झाले.

२०१३ मध्ये मेरीलँड राज्यात सात वर्षांच्या मुलाने न्याहारीची पेस्ट्री कडेने कुरतडून बंदुकीसारखी केली, आणि त्याला दोन दिवस घरी बसवले. जगभर हसू झाले. शाळेचे म्हणणे मात्र फार थोड्यांनी वाचले: पेस्ट्री हे निमित्त, मुलगा वर्षभर वर्ग विस्कळीत करत होता, बाकीचे उपाय करून झाले होते. नोंद पुसून टाकावी म्हणून पालक न्यायालयात गेले. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी शाळेचीच बाजू मान्य केली. मला यात शाळेचा दावा खोटा वाटत नाही. पण वर्षभराचे दुखणे सांगायला शाळेला पेस्ट्रीचाच आधार घ्यावा लागला, यातच बरेच काही आले.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याने कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ दहा-बारा वर्षे गुंतवून ठेवले: मुद्दाम केलेली अवज्ञा. तिथल्या शिक्षण संहितेत निलंबनाच्या कारणांची अक्षरवार यादी आहे. मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ, चोरी, तंबाखू असे करत करत अकराव्या जागी, ‘के’ या अक्षरापुढे, हे कलम येते. आशय असा: शाळेच्या कामकाजात व्यत्यय आणला, किंवा अन्यथा शिक्षक-पर्यवेक्षकांच्या रास्त अधिकाराची जाणूनबुजून अवज्ञा केली. २०१२-१३ या वर्षी राज्यातल्या एकूण निलंबनांपैकी सुमारे ४३ टक्के या एका अक्षराखाली नोंदली गेली.

यादीतल्या इतर कारणांना काहीतरी दाखवण्याजोगे असते. चाकू टेबलावर ठेवता येतो, तंबाखूचा वास येतो, मार खाल्लेल्या मुलाच्या अंगावर वळ असतो. इथे तसे काही नाही. बाहेर काढलेल्या मुलाला विचारा, ‘काय केलंस?’ तो म्हणतो, ‘काही नाही.’ शिक्षकांना विचारा, तर तेही हताश होऊन म्हणतात, ‘काही करत नाही हो, तेच तर!’ वही उघडली नाही, टोपी काढली नाही, मोबाइल दिला नाही, बाकावर डोके टेकून पडून राहिला, हाक मारली तर ओ दिली नाही. दोघांचेही म्हणणे खरे. फिर्याद शिक्षकांची, दुखावलेले तेच, साक्षीदारही तेच. आणि ‘मुद्दाम’ हा शब्द मुलाच्या मनातला, तो बाहेरून ठरवणारेही तेच.

त्यातही कलमातल्या ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांनी सगळा घोळ केला. व्यत्यय आणि अवज्ञा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्गात खुर्च्या ढकलणारा मुलगा इतरांचा तास बुडवतो. बाकावर झोपलेला मुलगा स्वतःचा. पहिल्यात नुकसान वर्गाचे, दुसऱ्यात बहुधा शिक्षकांच्या शब्दाचे. नोंदवहीत दोघे एकाच रकान्यात. त्यामुळे वाद सुरू झाला की कलम हवे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुर्च्या ढकलणारा असतो, नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झोपलेला, आणि दोघेही त्याच आकड्यावर बोट ठेवून बोलतात. रोज एकाच मुलापायी तासातली पंधरा मिनिटे घालवणाऱ्या शिक्षकांची तक्रार खोटी नाही. फक्त तिचे उत्तर त्या रकान्यात सापडत नाही.

आणि मग रंगाचा प्रश्न. २०११-१२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार अमेरिकेत काळ्या मुलांचे निलंबन-निष्कासनाचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिप्पट होते. पूर्वप्राथमिक वर्गांत काळी मुले पटाच्या १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा घरी पाठवलेल्या मुलांत ४८ टक्के. चार वर्षांच्या मुलाने असे काय केले असेल, हा प्रश्न त्या आकड्यानंतर टाळता आला नाही. जिथे नियम सैल शब्दांत लिहिलेला असतो तिथे ही दरी रुंदावते, असे टीकाकारांचे म्हणणे होते, आणि ‘अवज्ञे’इतका सैल शब्द दुसरा नव्हता.

कायद्याची वाट सरळ नव्हती. २०१२ मध्ये विधिमंडळाने या कलमाला लगाम घालणारे विधेयक संमत केले; राज्यपालांनी ते परत पाठवले. मे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने आपल्यापुरते या कारणाचे निलंबन बंद केले. २०१४ मध्ये त्याच राज्यपालांनी सौम्य मसुद्यावर सही केली: तिसरीपर्यंतच्या मुलांना अवज्ञेसाठी निलंबित करायचे नाही, आणि या कारणाने हकालपट्टी कुठल्याच इयत्तेत नाही. २०१८ मध्ये बंदी वाढवणारे विधेयक त्यांनी पुन्हा नाकारले. २०१९ मध्ये पदावरचा माणूस बदलला, सही झाली, आणि पाचवीपर्यंत बंदी कायमची झाली. सहावी ते आठवीला मुदतीची.

या सगळ्याच्या थोडे आधी, २०११ मध्ये, टेक्सासमधल्या एका मोठ्या पाहणीने चर्चेला आकडा पुरवला होता. सुमारे दहा लाख मुलांच्या नोंदी सातवीपासून पुढे किमान सहा वर्षे तपासल्या. जवळजवळ ६० टक्के मुले एकदा तरी निलंबित किंवा निष्कासित झालेली. ज्या चुकांसाठी राज्याचा कायदा कारवाई सक्तीची करतो, त्या एकूण कारवायांत फक्त ३ टक्के. उरलेले सगळे शाळांनी आपल्या मर्जीने केलेले.

पण निलंबनाने मूल बिघडते, की बिघडलेलेच मूल निलंबित होते? हा आक्षेप रास्त आहे, आणि बरीच वर्षे त्याला नीट उत्तर नव्हते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरामध्ये शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या तेव्हा योगायोगाने ते मिळाले. एकाच वस्तीतली मुले निरनिराळ्या शाळांत गेली, काही कडक, काही कमी कडक. कडक शाळा वाट्याला आलेल्या मुलांना मोठेपणी अटक आणि तुरुंगवास होण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांनी जास्त निघाली. उलट बाजूचा पुरावाही ठेवला पाहिजे. पिट्सबर्गच्या ४४ शाळांत २०१५ ते २०१७ मध्ये शिक्षेऐवजी संवादाने तंटे मिटवण्याचा प्रयोग झाला. निलंबनाचे दिवस घटले, शिक्षकांना वातावरण सुधारल्यासारखे वाटले. सहावी ते आठवीचे गुण मात्र घसरले. घरी पाठवणे थांबवले म्हणून शिकणे आपोआप सुरू होत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची भूमिका सत्तेवरच्या पक्षागणिक फिरली. जानेवारी २०१४ मध्ये शाळांना निलंबन जपून वापरा असे सांगणारे मार्गदर्शन निघाले, डिसेंबर २०१८ मध्ये ते मागे घेतले गेले. इंग्लंडमध्ये निलंबनाला दर मुलामागे वर्षाकाठी ४५ दिवसांची मर्यादा आहे, तरी २०२२-२३ मध्ये निलंबनांचा आकडा ७ लाख ८७ हजारांच्या घरात गेला. जवळजवळ निम्म्यांपुढे कारण एकच: सततचे व्यत्यय आणणारे वर्तन. शब्द वेगळा, रकाना तोच.

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. १ जुलै २०२४ पासून सहावी ते बारावीलाही अवज्ञेसाठी निलंबन नाही, आणि दांडी किंवा उशीर या कारणांसाठीही निलंबन नाही. शिक्षक मुलाला आपल्या तासातून आजही बाहेर काढू शकतात. नवे काय, तर शिक्षकांनी मुलाला वरिष्ठांकडे पाठवले की वरिष्ठांनी पाच कामकाजी दिवसांत काय केले ते लिहून ठेवायचे आणि पाठवणाऱ्या शिक्षकांना कळवायचे. वरच्या इयत्तांची ही बंदी १ जुलै २०२९ पर्यंतच आहे.