गाठ शिरते कशी: बायोप्सी रिपोर्टातल्या एका ओळीची पार्श्वभूमी

'पिशवी काढली' हे खान्देशात घरोघरी ऐकू येतं. चोपडा असो, शिरपूर असो की शहादा. बाईच्या अंगावरून जात असतं, दुखणं ती अंगावर काढते, कापसाची वेचणी उरकली की मग ऑपरेशनचा दिवस ठरतो. पुढे बायोप्सीचा रिपोर्ट येतो. कॅन्सर निघालाच, तर घरचे एवढंच विचारतात की स्टेज कितवी. पण गाठ आजूबाजूला कशी शिरली आहे, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं किंवा असायला हवं. पुढचे उपचार ठरवताना त्या ओळीला आज मोठं वजन आहे, आणि ते यायला बराच काळ जावा लागला.

१८७० मध्ये गुसेरो या जर्मन डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या एका चकवणाऱ्या गाठीचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या ग्रंथी जवळपास निरोगी दिसत, आणि तरीही ती आत खोलवर पोचलेली असे. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात. हा मात्र त्यामुळे होत नाही, हे पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे एचपीव्हीची तपासणी चांगली आली तरी तो असू शकतो.

त्यानंतरचा मोठा काळ मोजमापाचा. १९४७ मध्ये मेस्टवेर्ट यांनी गर्भाशयमुखाच्या अगदी लहान कॅन्सरसाठी ५ मिलिमीटर खोलीची मर्यादा मांडली, म्हणजे गाठ त्याहून आत शिरलेली नसावी. पुढे ३ मिलिमीटरची रेघही आली. या आकड्यांनी कित्येक बायकांची मोठी ऑपरेशनं टळली, त्यांचं मोल कमी नाही. पण ग्रंथींपासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये अडचण येते. गर्भाशयमुखाच्या ग्रंथी मुळातच आत उतरलेल्या असतात, मग खोली मोजायची कुठून? एकच स्लाइड पाहून दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळे आकडे देऊ शकतात.

या अडचणीतून २०१३ मध्ये सिल्वा पद्धत पुढे आली. ३५२ रुग्णांच्या गाठी पाहून त्यांचे तीन प्रकार केले गेले. 'ए' प्रकारात ग्रंथी गोलसर, नीट कडा असलेल्या. आजूबाजूची ऊती, म्हणजे पेशींचा थर, शांत. 'बी'मध्ये अशाच ग्रंथींतून पेशींचे लहान पुंजके सुटू लागतात. 'सी'मध्ये गाठ ऊती उद्ध्वस्त करत पसरते. 'ए' प्रकारातल्या एकाही बाईच्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सर पोचला नव्हता. 'सी'मध्ये जवळपास चौथा हिस्सा बायकांमध्ये तो पोचलेला होता. मात्र ही विभागणी एचपीव्हीशी संबंधित गाठींनाच लागू होते, गुसेरोंच्या गाठीला नाही. शिवाय पूर्ण गाठ तपासल्याशिवाय प्रकार ठरवता येत नाही. बायोप्सीचा इवलासा तुकडा त्याला पुरत नाही.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये याहून फसवी तऱ्हा सापडली. २००३ मध्ये मरे, यंग आणि स्कली यांनी तिचं वर्णन केलं. बारीक पोकळ्या, लांबट आणि तुटलेल्या ग्रंथी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला 'मेल्फ' म्हणतात. स्लाइडवर ती ओळखायला डोळा तयार असावा लागतो. स्नायूच्या थरात बारीक पोकळ्या दिसतात, त्यांच्या भिंतीवरच्या पेशी चपट्या झालेल्या, काही ग्रंथी लांबट ताणलेल्या, काही तुटून दोन-चार पेशींचे तुकडे उरलेले. भोवती सूज आणि पांढऱ्या पेशींची गर्दी. घाईत पाहणाऱ्याला ती रक्तवाहिनी किंवा साधी सूज वाटते. गाठीचा बाकी भाग बहुधा सौम्य श्रेणीचा असतो, त्यामुळे संशयही येत नाही. पण ही तऱ्हा असेल तर लसिकावाहिन्यांत आणि लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडण्याची शक्यता वाढते. तिथेही त्या पेशी एकेकट्या, शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींसारख्या दिसतात. केराटिन हे प्रथिन दाखवणारा विशेष रंग दिल्यावर मात्र त्या तपकिरी उठून दिसतात.

बीजकोशाच्या (ओव्हरीच्या) श्लेष्मल, म्हणजे चिकट स्राव करणाऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्येही ढकलत वाढणारी आणि विस्कटत घुसणारी अशा दोन तऱ्हा मानतात. दुसरी जास्त धोक्याची. २०२३ मध्ये 'फिगो' या जागतिक संघटनेने गर्भाशय कॅन्सरच्या स्टेजची फेरमांडणी केली, तेव्हा किती वाहिन्यांत कॅन्सर शिरला आहे हेही स्टेज ठरवताना धरलं.

हे ज्ञान आपल्याकडच्या बाईपर्यंत पोचायचं तर काढलेली पिशवी लॅबमध्ये नीट पोचली पाहिजे. 'साधीच गाठ होती' म्हणून ती तपासायला न पाठवणं मला अजिबात मान्य नाही. बरणी रुंद तोंडाची हवी आणि फॉर्मॅलिन पिशवीच्या आकारमानाच्या दहापट तरी हवं. ते कमी पडलं तर आतली ऊती सडते, आणि मग मेल्फ काय, साधी ग्रंथीही ओळखू येत नाही. तपासणीनंतर ऊतीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक उरतात. नवीन काप काढून केराटिनचा रंग त्यांवरूनच देता येतो. तेव्हा भुसावळहून मुंबईला टाटात न्या की नंदुरबारहून सुरतेला, रिपोर्टाच्या झेरॉक्सबरोबर लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, आणि शिरण्याची तऱ्हा रिपोर्टात लिहिली नसेल तर ती तिथल्या डॉक्टरांना विचारा.