लिबरेटर : भंगारातून उठलेलं बॉम्बर

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर म्हटलं की बहुतेकांना बी-१७ आठवतं, पण आकड्यात बी-२४ लिबरेटर त्याच्या बरंच पुढे होतं. कन्सॉलिडेटेड कंपनीचं हे विमान पहिल्यांदा उडालं २९ डिसेंबर १९३९ ला आणि युद्ध संपेपर्यंत १८ हजारांवर बनली, मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तर १९४४ मध्ये जवळपास तासाला एक बाहेर पडायचं!

पंख लांब आणि अरुंद, म्हणून पल्ला जबरदस्त. अटलांटिकच्या मधोमध जिथे किनाऱ्यावरची विमानं पोचत नव्हती आणि जर्मन पाणबुड्यांचं फावत होतं तिथे १९४३ मध्ये हीच कामाला आली. पण तोच पंख मार लागला की टिकायचा नाही. १ ऑगस्ट १९४३ ला रोमानियातल्या प्लोएस्तीच्या तेल रिफायनऱ्यांवर लिबियातून १७७ लिबरेटर निघाली, त्यातली ५० हून जास्त गमवावी लागली.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि खरी मजा इथेच आहे. ब्रिटिशांकडची लिबरेटर लेंड-लीजवर, म्हणजे अमेरिकेकडून युद्धापुरती उसनी आलेली, म्हणजे युद्ध संपल्यावर एकतर परत करा नाहीतर निकामी करा. परत कोण नेतंय, म्हणून कानपूरला ढीगभर विमानं उभी करून त्यांची मोडतोड केली, इंजिनात वाळू काय टाकली, यंत्रं काय फोडली, आणि निघून गेले. फाळणीनंतर भारताला हेवी बॉम्बर हवं होतं आणि पैसे नव्हते, तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी याचा पार्ट त्याला लावत एकेक विमान उडण्याइतकं जमवलं आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. असल्या जुगाडी विमानात बसायचं म्हणजे काळीजच पाहिजे! तिथे नीट दुरुस्ती होऊन ४० च्या आसपास तयार झाली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची ५ नंबर स्क्वाड्रन (तुकडी) याच विमानांवर उभी राहिली, मग १९५१ मध्ये आपल्या पुण्यात ६ नंबर, तिचं काम समुद्रावर टेहळणीचं. अमेरिकेने आपली कधीच वितळवून टाकली होती, इकडे मात्र १९६८ पर्यंत चालली. आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या म्युझियममध्ये जी मोजकी लिबरेटर दिसतात त्यातली काही इथूनच गेलीत, म्हणजे ज्यांनी फोडली त्यांनाच शेवटी आपल्याकडून घ्यावी लागली.