भंगार सिनेमा आणि त्यावरची टवाळकी: हे सगळं सुरू कुठून झालं?

चार टाळकी जमवायची, एखादा भंगार सिनेमा लावायचा आणि पहिल्या सीनपासून त्याची खेचायला सुरुवात करायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पिटातली पब्लिक कायमच हे करत आलीय. पण ह्याच टवाळकीचा 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' नावाचा रीतसर टीव्ही शो झाला, कॉमेंट्स लिहायला पगारी लेखक बसले, ही गोष्ट अमेरिकेतली. आणि माझ्या मते तिच्या मुळाशी विनोदापेक्षा कडकी जास्त आहे.

१९५७ मध्ये तिकडे युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या भुताखेतांच्या वगैरे ५२ सिनेमांचं एक पॅकेज 'शॉक' नावाने टीव्ही स्टेशनांना विकायला निघालं. गावोगावच्या छोट्या स्टेशनांकडे रात्रीचे तास रिकामे आणि खिसाही रिकामा, त्यामुळे हे स्वस्तातले सिनेमे घ्यायचे आणि मधे मधे विचित्र मेकअप केलेला एक होस्ट बसवायचा असा प्रकार सगळीकडे सुरू झाला. लॉस एंजेलिसमध्ये व्हॅम्पायरा नावाच्या होस्टने हे १९५४ लाच केलं होतं म्हणा. पण खरा वात्रट निघाला तो क्लीव्हलंडचा गूलार्डी, म्हणजे अर्नी अँडरसन. १९६३ पासून हा माणूस आपल्याच चॅनलवर लागलेल्या सिनेमाची सरळ टर उडवायचा आणि चालू सिनेमात स्वतःची छबी घुसवायचा. पुढे १९८० मध्ये मेडवेड बंधूंनी वाईट सिनेमांना 'पुरस्कार' देणारं पुस्तक काढलं, वाचकांच्या मतांवर एड वुड ह्या दिग्दर्शकाचा 'प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस' सर्वात वाईट ठरला, आणि मग वाईट सिनेमा मुद्दाम शोधून बघणं हा रीतसर छंदच झाला.

आता मुख्य गोष्ट. जोएल हॉजसन हा स्टँडअप करणारा मुलगा, डेव्हिड लेटरमनच्या गाजलेल्या टीव्ही शोपर्यंत पोचलेला, पण ते सगळं सोडून मिनियापोलिसला परत आला. तिथल्या केटीएमए नावाच्या फाटक्या स्टेशनवर २४ नोव्हेंबर १९८८ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, त्याचा 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झाला. कथा अगदी किरकोळ, एक माणूस अंतराळात अडकलाय, त्याला जबरदस्तीने वाईट सिनेमे दाखवतात आणि सोबतीला त्याने रोबो बनवलेत. हे रोबो म्हणजे बाहुल्या, आणि त्याही घरातल्या अडगळीतून जुळवलेल्या, एकाचं डोकं च्युइंगगमच्या गोळ्यांच्या मशीनचं तर दुसऱ्याच्या तोंडाला बोलिंगची पिन. पडद्याच्या खालच्या कडेला थिएटरच्या खुर्च्या आणि तिघांच्या काळ्या सावल्या दिसतात, बस. मला ही आयडिया भारी वाटते ती ह्यासाठी की सिनेमा पूर्ण दिसत राहतो, कोणी मधे येऊन अडवत नाही, उलट घरी एकटा बसलेला माणूससुद्धा तीन मित्रांच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो.

केटीएमएवर बऱ्याच कॉमेंट्स ऐनवेळी सुचतील तशा मारलेल्या असायच्या आणि खरं सांगायचं तर ते भाग आता बघताना मधेच कंटाळा येतो. १९८९ मध्ये शो कॉमेडी चॅनलवर गेला, त्या नव्या चॅनललाही तास भरायचेच होते आणि हा एक भाग दोन तास खातो, म्हणजे पुन्हा तीच कडकी कामाला आली. तिथे मात्र लेखकांची टीम बसून सिनेमा परत परत बघायची आणि एकेक कॉमेंट घासूनपुसून घ्यायची. नुसतं 'किती घाण आहे' म्हटल्याने कोणी हसत नाही.

जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी 'मॅनोस' दाखवला. टेक्ससमधल्या एल पासोच्या हॅरोल्ड वॉरन नावाच्या खत विकणाऱ्या माणसाने १९६६ मध्ये काढलेला हा सिनेमा, कॅमेरा चावीचा, एका वेळी जेमतेम अर्धा मिनिट चालणारा, आवाज रेकॉर्डच केलेला नाही त्यामुळे मोजक्या लोकांनी नंतर सगळ्यांचं डबिंग उरकलेलं, आणि रात्रीच्या सीनमध्ये लाईटभोवती किडे घोंघावतायत. सिनेमा पार विस्मरणात गेला होता, शोने त्याला अमर केलं! आपल्याकडे कांती शाहच्या १९९८ च्या 'गुंडा'चं असंच झालं, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही आणि नंतर इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांमध्ये पोरांना यमकातले डायलॉग तोंडपाठ.

त्याच १९९३ मध्ये जोएल बाहेर पडला, त्याच्या जागी शोचाच लेखक माईक नेल्सन आला, आणि दोघांपैकी भारी कोण हे भांडण फॅन लोक अजून भांडतात. १९९६ मध्ये कॉमेडी सेंट्रलने (म्हणजे पुढे दुसऱ्या चॅनलमध्ये मिसळलेलं ते कॉमेडी चॅनलच) शो बंद केला, मग साय-फाय चॅनलने उचलला, तिथे १९९९ पर्यंत चालला. डीव्हीडी काढताना सिनेमांच्या हक्कांची कायमची कटकट, एक 'गॉडझिला'चा भाग तर विक्रीला येऊन परत घ्यावा लागला. आधीपासून शोच्या शेवटी पाटी यायचीच की टेप एकमेकांना देत राहा, आणि पब्लिकने ती मनावर घेतली.

ह्या कटकटीवर नेल्सनने २००६ मध्ये 'रिफट्रॅक्स' काढून मस्त तोडगा शोधला, कॉमेंट्सचा फक्त ऑडिओ विकायचा, सिनेमा तुमचा तुम्ही आणा आणि दोन्ही एकदम चालू करा. म्हणजे मग हॉलिवूडच्या बड्या सिनेमांचीही खेचायची सोय झाली. जोएलने २०१५ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली तर ५७ लाख डॉलरच्या वर जमले, २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर शो परत आला, दोन सीझननंतर त्यांनीही बंद केला, तर २०२१ मध्ये पुन्हा वर्गणी, आणि ह्या वेळी आधीपेक्षाही जास्त जमली.