बुकलाइस की ढेकणाची पिल्लं?

दमट खोलीत पलंगालगतच्या भिंतीवर फिकट, मोहरीपेक्षाही बारीक ठिपका सरकताना दिसला की पहिली शंका ढेकणाची येते. पुष्कळदा ते बुकलाइस, म्हणजे जुन्या पुस्तकांत आणि ओलीत राहणारे बारीक किडे असतात, आणि घरभर मारलेलं औषध वाया जातं.

बुकलाइस जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. अंड्यातून नुकतंच निघालेलं ढेकणाचं पिल्लूही तेवढंच आणि तसंच फिकट, म्हणून तर घोळ होतो. भिंगातून बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी भागतं. बुकलाइसचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, पुढून फुगीर. मिशा दोऱ्यासारख्या लांब. जरा पळतो, थबकतो, प्रसंगी उलटाही सरकतो. ढेकणाच्या पिल्लाचं डोकं लहान, मिशा आखूड, अंग चपटं. पोटात लाल रक्त दिसलं तर पुढे काही तपासायलाच नको. मात्र ते दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, उपाशी पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं.

बुकलाइस चावत नाहीत. त्यांचं खाणं म्हणजे बुरशी आणि खळ, म्हणून ते जुन्या पुस्तकांच्या बांधणीत, ओल आलेल्या भिंतीवर, कपाटामागे सापडतात. हवेतली वाफ ते अंगात शोषून घेतात. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या खाली राहिली की सुकून मरतात. घरात सर्रास आढळणाऱ्या एका जातीत तर सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. त्यामुळे औषधाने दिसतील तेवढे मेले तरी ओल असेपर्यंत नवे येतच राहतात. गळका पाइप दुरुस्त करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खोलीत हवा खेळू द्या. माझ्या मते फवारणीची गरजच नाही.

ढेकणाला ओलीचं सोयरसुतक नाही, त्याला रक्त हवं. पाच वेळा कात टाकून तो मोठा होतो आणि दर टप्प्याला किमान एकदा रक्त प्यावंच लागतं. म्हणून गादीची शिवण, पलंगाचे सांधे तपासा. शाईसारखे काळे ठिपके आणि टाकलेल्या कातीची टरफलं दिसली तर खोली कितीही कोरडी केली तरी उपयोग नाही. चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. तरीही खात्री होत नसेल तर किडा पारदर्शक चिकटपट्टीखाली पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि फवारणी ठरवण्याआधी त्याला दाखवा.