मंग लिजुनचे बूट: तान-त्स आणि बायहे यांची गल्लत

लग्नाची रात्र. लाल मेणबत्त्या जळताहेत, नवरी पलंगाच्या कडेला डोक्यावरून लाल वस्त्र घेऊन बसली आहे. नवरदेव राजधानीतल्या, सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षेत देशात पहिला आलेला. अंगात झगा, डोक्यावर टोपी, पायांत जाड तळव्यांचे बूट. आता तो पुढे होऊन ते लाल वस्त्र उचलणार. आणि वाचकाला पक्कं ठाऊक आहे, की हा नवरदेव बाई आहे.

हा प्रसंग कुठला, असं विचारलंत तर उत्तरं दोन निघतात. एक, 18व्या शतकात हांगचौच्या एका मुलीनं लिहिलेल्या पद्यकथेतला. दोन, गेल्या वीसेक वर्षांत चिनी संकेतस्थळांवर रोज एक प्रकरण या हिशेबानं लिहिल्या गेलेल्या अनेक कादंबऱ्यांतला. पहिल्या प्रकाराचं नाव तान-त्स, दुसऱ्याचं बायहे, म्हणजे बाईच्या बाईवरच्या प्रेमाच्या कथा. आपल्याकडे दोन्हींची ओळख इंग्रजीतून होते आणि दोन्हींवर 'हिस्टॉरिकल रोमान्स' अशी एकच चिठ्ठी चिकटलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, "बायहेत नवीन ते काय? चीनमध्ये बायकांनी हे अडीचशे वर्षांपूर्वीच लिहिलंय." मीसुद्धा हे वाक्य चारचौघांत ठोकून दिलेलं आहे. अर्धं खरं आहे म्हणूनच ते फसवं आहे.

आधी जुनी गोष्ट. तान-त्स म्हणजे शब्दशः 'छेडलेल्या तारांचे बोल'. पीपा नावाच्या तंतुवाद्याच्या किंवा तीनतारी वाद्याच्या साथीनं गायचं कथाकाव्य. सुचौ भागात ते आजही ऐकायला मिळतं. पण घरंदाज बायकांनी जे तान-त्स लिहिलं ते मैफलीसाठी नव्हतंच. सात-सात अक्षरांच्या ओळी, मध्ये थोडं गद्य, आणि हस्तलिखितं या घरातून त्या घरात फिरणारी. जात्यावरच्या ओवीची आठवण होते खरी, पण ओवी दळताना सुचते आणि हे मात्र चांगलं शिकलेल्या बायकांनी शाई उगाळून, टेबलाशी बसून लिहिलेलं. त्यातली सगळ्यांत गाजलेली कथा 'झायशंगयुआन', म्हणजे 'पुनर्जन्माची गाठ'. (यातला झ झाडातला घ्या.) एकूण 80 अध्याय.

लेखिका चेन दुआनशंग, जन्म 1751. लिहायला बसली 1768मध्ये. वय सतरा. दोन वर्षांच्या आत तिनं 64 अध्याय लिहून काढले.

कथा युआन राजवटीत घडते. युन्नानमधली मंग लिजुन ही अतिशय हुशार मुलगी. तिचं लग्न हुआंगफू शाओहुआशी ठरतं, कट-कारस्थानात सासर उद्ध्वस्त होतं आणि तिला भलत्याच माणसाच्या गळ्यात बांधायचा हुकूम येतो. ती पुरुषवेष करून पळून जाते. तिच्या जागी नवरी म्हणून उभी राहते तिच्या दाईची मुलगी सू यिंगश्वे. ती ऐन लग्नात पाण्यात उडी घेते, वाचते, आणि राजधानीतल्या लियांग नावाच्या बड्या मंत्र्याच्या घरी मानलेली लेक म्हणून वाढते. इकडे लिजुन ली ज्युनयू या नावानं परीक्षेला बसते, पहिली येते आणि याच लियांग मंत्र्याचा जावई होते. वरच्या प्रसंगातलं लाल वस्त्र उचललं जातं तेव्हा समोर दाईची मुलगी असते. दोघी एकमेकींना ओळखतात आणि ठरवतात, की बाहेर नवरा-बायको म्हणूनच राहायचं.

इथं बायहेच्या वाचकाचे कान टवकारतात. टवकारू देत, पण पुढचं ऐका. यिंगश्वेचं मनही त्याच हुआंगफू शाओहुआवर आहे. म्हणजे हे लग्न दोघींसाठी आडोसा आहे: एकीचं गुपित झाकणारा, दुसरीला नको त्या स्थळापासून वाचवणारा. त्यांच्या संसारात माया आहे, थट्टा आहे, एकमेकींना सांभाळून घेणं आहे. पण कथेचं इंजिन तिथं नाही. ते आहे दरबारात. लिजुन वैद्यकी करते, युद्धमंत्री होते, मग पंतप्रधान. तिचा वाग्दत्त वर सैनिकी परीक्षेत तिच्या हाताखालून उत्तीर्ण होतो, म्हणजे रीतीप्रमाणे तिचा शिष्य होतो आणि तिला वाकून नमस्कार करतो. तिचा बाप तिच्याच दरबारात उभा असतो आणि ती ओळख देत नाही. हुआंगफूचं घराणं पुन्हा उभं राहिलंय, नवरा वाट बघतोय, झगा उतरवायला आता काहीच हरकत नाही. पण ती उतरवत नाही. तिला काम आवडायला लागलंय.

म्हणून या कथेत सगळी भीती बुटांत आहे. त्या काळच्या चिनी रीतीप्रमाणे लिजुनचे पाय लहानपणीच बांधून खुंटवलेले आहेत. आवाज बदलता येतो, चाल बदलता येते, दाढी नसण्याला कारण सांगता येतं. पण पुरुषी बुटाच्या आत ते इवलंसं पाऊल तसंच असतं. शेवटी राजवाड्यात बोलावून तिला दारू पाजली जाते, ती बेशुद्ध झाल्यावर दासी तिचे बूट उतरवतात. वाचताना आपण 'नको, नको' म्हणत असतो. बूट पायात राहावेत, असंच आपल्याला वाटत असतं.

आता बायहे. शब्दाचा अर्थ लिली. हे फूल जपानी वळसा घालून आलंय. जपानीत याच दोन अक्षरांचा उच्चार 'युरी'; 1970च्या दशकात एका जपानी मासिकानं बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी हे फूल वापरलं आणि पुढे ते कॉमिक्स-कथांच्या प्रकाराचं नाव झालं. चिनी वाचकांनी अक्षरं तीच ठेवली, उच्चार आपला केला. 2003मध्ये सुरू झालेल्या जिनज्यांग या संकेतस्थळावर, जिथं लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच, बायहेला स्वतंत्र विभाग आहे. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढे हजार अक्षरांमागे किरकोळ पैसे. त्यामुळे कादंबऱ्या लांबतात. शे-दोनशे प्रकरणं ही काही मोठी गोष्ट नाही.

यातल्या ऐतिहासिक म्हणवणाऱ्या बहुतेक कादंबऱ्यांचा इतिहास काल्पनिक असतो. चिनी शब्द 'ज्याखोंग', म्हणजे हवेत उभारलेला. सम्राट आहे, सहा मंत्रालयं आहेत, परीक्षा आहे, पण ते राज्य नकाशावर नाही. 'चिंगवेई छिंगशांग' ही परदेशी वाचकांतही गाजलेली कादंबरी घ्या. गवताळ प्रदेशातल्या टोळीची राजकन्या, लहानपणापासून मुलगा म्हणून वाढवलेली. दक्षिणेच्या राज्यानं तिची टोळी कापून काढली. सूड घ्यायला ती छी यान या नावानं शत्रूच्या परीक्षेत तिसरी येते आणि सम्राटाच्या मुलीशी, नानगोंग जिंगन्यूशी, तिचं लग्न लागतं. नावातल्या चिंग आणि वेई या शेन्सी प्रांतातल्या खऱ्या नद्या. शिआनजवळ त्या मिळतात आणि एकीचं गढूळ, दुसरीचं नितळ पाणी काही अंतर वेगवेगळं वाहताना दिसतं. दोन गोष्टींतला लख्ख फरक सांगायला चिनीत त्यांच्याच नावाची म्हण आहे. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्याला आपण प्रीतिसंगम म्हणतो. इथं मात्र संगमाचं नावच 'मिसळू नका' असं सांगतं.

आणि या कादंबऱ्यांत बूट कुठे आहेत? नाहीत. हवेतल्या राज्यात पाय बांधायची प्रथाच बहुधा नसते. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत गुपित पायातून मनगटात सरकलेलं दिसतं. नवरदेव आजारी पडतो, राजवैद्य नाडी बघायला हात पुढे करतो आणि नवरदेव हात मागे घेतो. नाहीतर खांद्यात बाण घुसतो आणि झगा फाडल्याशिवाय पट्टी बांधता येत नाही. आता आपली गंमत बघा. हे वाचताना आपण 'नको' म्हणत नाही. 'एकदाचा तो झगा उतरव, तिला कळू दे' म्हणून आपण पुढचं प्रकरण उघडतो. कारण इथं झगा स्वातंत्र्य देत नाही, दोघींच्या मध्ये येतो. राजकन्या ज्याच्यावर जीव टाकते तो पुरुष अस्तित्वातच नाही. कळल्यावर ती काय करेल, हा अख्ख्या कादंबरीचा प्रश्न. लिजुनच्या लग्नात तो पहिल्या रात्रीच मिटला होता.

मला विचाराल तर दोन्ही प्रकार ओळखायची खूण हीच. नवरीला सत्य कधी कळतं ते बघा. लगेच कळलं आणि ती साथीदार झाली, तर तुम्ही जुन्या वाटेवर आहात. तिच्यापासून शंभर प्रकरणं लपवलं, तर बायहेत.

या दोन वाटांच्या मध्ये उभी आहे 'न्यू फूमा', म्हणजे 'स्त्री राजजामात', हे ह्वांगमेई शैलीतलं संगीत नाटक. त्याचा 1959चा चित्रपट चीनमध्ये अजून लोकांच्या ओठांवर आहे. फंग सूझन आपल्या तुरुंगातल्या वाग्दत्त वराला सोडवायला परीक्षेला बसते, पहिली येते आणि नको असताना राजकन्येचा नवरा होते. लग्नाच्या रात्री ती राजकन्येपुढे सगळं कबूल करते. राजकन्या आधी संतापते, मग मदत करते, आणि शेवटी तिचं लग्न भलत्याच पुरुषाशी लावून दिलं जातं. सूझनला तिचा वर मिळतो, सगळे गातात. पण त्या रात्री सजून बसलेल्या राजकन्येचं काय झालं असेल, हे नाटक विचारत नाही. बायहे लिहिणाऱ्यांनी नेमका तोच धागा उचलला असं मला वाटतं.

लिहिण्याच्या परिस्थितीतही एक साम्य आहे, आणि तिथं मात्र 'हे जुनंच आहे' म्हणणाऱ्यांची बाजू बळकट होते. संकेतस्थळावर लेखिकेनं कादंबरी अर्धवट सोडली तर चिनी वाचक त्याला 'खड्डा' म्हणतात. नवी सुरू करणं म्हणजे खड्डा खणणं, पुरी करणं म्हणजे बुजवणं. चेन दुआनशंगनं खणलेला खड्डा चौदा वर्षं उघडा होता. 1770मध्ये तिची आई गेली आणि लेखणी थांबली. 1773मध्ये लग्न. 1780मध्ये नवरा परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या खटल्यात सापडून दूर पश्चिमेला, इलीला, हद्दपार झाला. जिची नायिका परीक्षेच्या जोरावर पंतप्रधान होते तिचं घर परीक्षेपायीच बसलं. 1784मध्ये ती पुन्हा लिहायला बसली तेव्हा तिनं कथेतच नमूद केलं आहे, की हे पुस्तक एव्हाना चच्यांग प्रांतभर पसरलंय आणि वाचणाऱ्या बायका 'शेवट कर, त्या जोडप्याला एकत्र आण' म्हणून मागे लागल्यात. कॉमेंटमध्ये 'पुढचं प्रकरण कधी?' विचारणाऱ्या आजच्या वाचकांहून हे काय वेगळं?

नियमांचा जाच दोन्हीकडे आहे, पण जागा वेगळी. 2014च्या इंटरनेट-सफाई मोहिमेनंतर जिनज्यांगवर 'गळ्याच्या खालचं लिहायचं नाही' हा नियम प्रसिद्ध झाला. त्यामुळे बायहेत शेकडो प्रकरणांचं प्रेम केस विंचरण्यात, औषधाचा कडू काढा फुंकून देण्यात, झोपलेलीच्या अंगावर पांघरूण घालण्यात मावतं. चेनच्या काळी टोचायचं ते शरीर नव्हे, उर्मटपणा. 1821च्या सुमारास हौ झी या बाईंनी 'झायशंगयुआन' संपादून छापलं. नवरा, आई-बाप सगळ्यांना झिडकारणारी ही नायिका त्यांना इतकी खटकली, की असल्या वागण्याची फळं दाखवायला त्यांनी स्वतः पुढची कथा रचली. रागावून लिहिलेली फॅनफिक्शनच ती.

भारताशी खरा धागा एकच, आणि तो अनपेक्षित आहे. इतिहासकार चेन यिनक यांनी 1953-54मध्ये या कथेवर मोठा निबंध लिहिला. डोळे गेले होते, मजकूर दुसऱ्यांकडून वाचून घ्यावा लागत असे. तरुणपणी तान-त्सचा त्यांना कंटाळा होता: किती ते पाल्हाळ! पुढे परदेशात संस्कृत आणि ग्रीक शिकून तिथली महाकाव्यं वाचली तेव्हा लक्षात आलं, की विचारांची उंची जास्त असली तरी पाल्हाळ तिथंही तेवढंच आहे. मग बायकांच्या सात अक्षरी ओळींना आपण नाक का मुरडतो, असं त्यांनी विचारलं. रामायण-महाभारताच्या लांबीची तक्रार न करणाऱ्या आपल्यालाही हा प्रश्न लागू पडतो.

राहिला शेवट. छापील पुस्तकात गोड शेवट आहे: लिजुनला माफी मिळते, ती हुआंगफू शाओहुआशी लग्न करते आणि सू यिंगश्वेही त्याच नवऱ्याची बायको होते. एके काळचे नवरा-बायको आता सवती. पण ही शेवटची 12 प्रकरणं लियांग दशंग या दुसऱ्या लेखिकेची आहेत. चेन दुआनशंगनं वाचकांच्या आग्रहावरून लेखणी उचलली, चार अध्याय लिहिले आणि 68व्याशी पुन्हा ठेवली; पुढे 1796च्या सुमारास वारेपर्यंत तिनं ती कथा पुरी केली नाही. तिच्या हातच्या शेवटच्या पानांत सम्राटाला लिजुनचं गुपित कळलंय आणि तिनं आपल्या अंतःपुरात यावं अशी त्याची इच्छा आहे. त्यानं तीन दिवसांची मुदत दिलीय. लिजुन रक्त ओकते. एकीकडे सम्राट, दुसरीकडे नवरा, आणि झगा अजून अंगात.