परडी कशाची? देवीचा जोगवा आणि नाथांचा जोगवा

आजीच्या घरी दर मंगळवारी आराधीण, म्हणजे देवीच्या नावाने दारोदार मागणारी भक्तीण, यायची. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात वेताची परडी. दारात उभी राहून एकच हाक द्यायची, "आईचा जोगवा वाढा व माय!" आजी हातातलं काम टाकून उठायची, सुपात ओंजळभर जोंधळे घ्यायची, आधी परडीला हळद-कुंकू लावायची आणि मग जोंधळे ओतायची. भिकाऱ्याला ती उंबऱ्याच्या आतूनच वाढायची. आराधिणीला वाढताना मात्र डोक्यावर पदर घेऊन उंबरा ओलांडायची. जोगवा म्हणजे भीक नव्हे, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, त्या उंबऱ्यावरच कळलं.

नवरात्र आलं की तोच शब्द मंडपातल्या भोंग्यावरून कानावर पडायचा. 'अनादि निर्गुण प्रगटली भवानी' सुरू व्हायचं, 'आईचा जोगवा जोगवा मागेन' येईपर्यंत गल्लीतल्या बायका टाळ्या धरायच्या आणि 'उदो उदो'ने शेवट व्हायचा. हे कुठलं गाणं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं, "देवीचं." मीही कितीतरी वर्षं तेच समजत होते. दारातली आराधीण आणि गाण्यातली बाई एकच, परडीही एकच, असं वाटायचं. पण दोघी जे मागतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी दारातला जोगवा. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही दोन मोठी ठाणी मराठवाड्यातच, त्यामुळे आपल्याकडे ही रीत घरोघरी माहीत. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र हे त्याचे दिवस. काहींचा तो जन्माचा वसा असतो, तर काही जणी नवसापुरता मागतात. चांगल्या खात्यापित्या घरची सूनसुद्धा त्या दिवशी परडी घेऊन पाच घरं फिरते. घरात धान्याची कणगी भरलेली असली तरी दुसऱ्याच्या दारात हात पसरायचा, यातच सगळं आलं. मिळालेलं पीठ, धान्य शिजवून देवीला नैवेद्य दाखवायचा. आणि देवीकडे मागायचं काय? लेकरू व्हावं, दुखणं जावं, पाऊसपाणी बरं व्हावं, सौभाग्य टिकावं. म्हणजे साधा, उघडा आणि खरा संसार.

आता भोंग्यावरचा जोगवा. तो लिहिला पैठणच्या एकनाथांनी, सोळाव्या शतकात. संसारी माणूस, विठ्ठलाचा भक्त, भागवतावर टीका लिहिणारा पंडित. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर. अशा माणसाने देवीचा जोगवा का मागावा? कारण गोदाकाठच्या रस्त्यावरून जे जे आवाज जात, ते ते नाथांनी भारुडात, म्हणजे सोंग घेऊन म्हणायच्या रूपकाच्या गाण्यात, घेतले. जोशी, वासुदेव, पिंगळा, फकीर, आंधळा, मुका, बहिरा असे सगळे त्यात बोलतात. सोंग त्यांचं आणि बोलणं नाथांचं. जोगवा मागणारी बाई त्यांतलीच एक. म्हणून जे भोंग्यावर वाजतं ते रूपाने देवीचं गाणं आणि जातीने भारूड.

दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? माझी युक्ती शाळेतल्या व्याकरणाची आहे. 'चा-ची-चे' शोधा. दारातली आराधीण नुसती 'परडी' म्हणते आणि ती परडी वेताची असते. नाथ म्हणतात, 'पूर्ण बोधाची घेईन परडी'. ध्वज म्हणाल तर 'बोधाचा झेंडा'. नवरात्र म्हणाल तर 'नवविध भक्तीच्या करीन नवरात्रा', म्हणजे नऊ माळांच्या जागी श्रवण, कीर्तन, स्मरण अशा नऊ भक्ती. दरडी पाडायच्या त्याही 'आशा-तृष्णेच्या'. आराधिणीच्या हातातली एकेक वस्तू नाथ उचलतात आणि तिला हा एवढासा प्रत्यय चिकटवून परत ठेवतात. वस्तू तीच दिसते, पण आतला माल बदललेला असतो. महिषासुराच्या बाबतीत तर त्यांनी प्रत्ययाचीही गरज ठेवली नाही. सरळ 'मोह महिषासुर' म्हणून टाकलं. एकदा ही खूण कळली की गाणं ऐकताना कान आपोआप तिथे अडकतो.

सगळ्यात धीट ओळ नवसाची आहे. देवीपुढे सर्वांत जास्त मागणी कशाची, तर मुलाची, आणि त्यातही मुलग्याची. नाथांची बाईही पदर पसरून पोटी पुत्रच मागते, पण 'ज्ञानपुत्रा'. आणि दारातली बाई जिथे सौभाग्य राहू दे म्हणते, तिथे ही म्हणते, 'विकल्प नवऱ्याचा सोडियेला संग'. विकल्प म्हणजे मनातला संशय, हे करू की ते करू अशी कायमची घालमेल. तो नवरा हिने सोडलाय. भर मंडपात, हिरवा चुडा घातलेल्या बायका नवरा सोडल्याची ओळ टाळ्या वाजवत म्हणतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, याचं मला अजून हसू येतं.

जोगव्यात निदान खूण तरी आहे. रोडग्याच्या भारुडात तीही नाही. 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' हे ठाऊक नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. रोडगाही आपल्या ओळखीचा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, वरची राख फडक्याने झटकून तुपात चुरलेला, सोबत वांग्याची भाजी. रानात रोडग्याची पंगत असली की धुराचा वास दोन दिवस अंगाला राहतो. तर हा एवढा स्वस्तातला नैवेद्य कबूल करून गाण्यातली बाई मागते काय? सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. जाच करणाऱ्या सासूला संपव. जावेला बोडकी कर. नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. आणि शेवटी नवऱ्याचीच आहुती. ऐकणारे हसून लोटपोट होतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे निव्वळ सासुरवाशिणीचं गाऱ्हाणंच वाटतं.

कीर्तनकार मग उलगडा करतात की सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे माया किंवा कल्पना आणि नवरा म्हणजे अविवेक. ही यादी बुवागणिक थोडी बदलते, आणि बदलणारच, कारण गाण्यात एकाचंही नाव दिलेलं नाही. काही बुवा दटावतात, "बायांनो, हसू नका, यात गूढ अर्थ आहे." मला ते पटत नाही. नाथांना हसवायचं नसतं तर त्यांनी खरूज कशाला आणली असती? बाई आपल्या खऱ्याखुऱ्या सासूवरच हसते आहे आणि ते हसूही खरं आहे. जावेची ओळ मात्र मला आजही टोचते. विधवेचं केशवपन हा त्या काळी विनोदात बसणारा विषय होता, एवढंच म्हणून मी पुढे सरकते.

विंचवाचं भारूड यांतलं सगळ्यात उघडं. शाहीर साबळ्यांच्या आवाजात ते घराघरात गेलं आणि 'विंचू चावला' एवढेच दोन शब्द लोकांच्या तोंडी राहिले. नाथांनी गुपित पहिल्याच दमात फोडलंय, 'कामक्रोध विंचू चावला'. उताराही तिथेच दिलाय, की सत्त्वगुणाचा अंगारा लावा. मला त्यातला आवडता शब्द शेवटी येतो. विष उतरलं तरी 'किंचित राहिली फुणफुण'. ज्याला विंचू चावलाय त्यालाच ही फुणफुण कळेल. रात्रभराची आग ओसरल्यावरही बोटाच्या टोकाशी काहीतरी ठसठसत राहतं. राग गेल्यावरही अगदी तसंच राहतं.

जोगवा आणि रोडगा या दोन्हींची शेवटची कडी शेजारी ठेवली की कुलूप उघडतं. रोडग्यात 'एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. जोगव्यात 'एका जनार्दनी एकपणे देखिला'. 'एका' हे नाथांचं स्वतःचं नाव, 'जनार्दन' हे गुरूचं, आणि ही जोडी म्हणजे त्यांची सही. पण दोन्हीकडे सहीला लागूनच 'एकटी' आणि 'एकपणे' आले आहेत. स्वतःच्या नावावर केलेली ही कोटी आहे आणि अद्वैतही तेच आहे. सासरचा गोतावळा गेल्यावर जी एकटी उरते ती दुःखी बाई नव्हे, तिला दुसरं कुणी उरलेलंच नाही. देवीच्या गाण्यात शेवटी 'एका जनार्दनी' ऐकू आलं की समजावं, परडी पैठणहून आली आहे.

आता गंमत अशी, की हे दोन्ही जोगवे गावात कधीच मिसळून गेलेत. कोजागिरीला पोत, म्हणजे देवीचा पलिता, घेऊन पायी तुळजापूरला निघालेल्या घोळक्यात नाथांचा जोगवा आराधी गाण्यांच्या मध्येच येतो आणि कुणाला खटकत नाही. आमची आराधीणही पुढे-पुढे दारात तेच म्हणायला लागली होती. एकदा ती गेल्यावर मी आजीला विचारलं, "आजे, बोधाची परडी म्हंजी कसली गं?"

आजी सूप भिंतीला टेकवून ठेवत म्हणाली, "आसंल की बाई, वेताचाच कायतरी परकार."